स्नेहाच्या आईची विशेषणं

३ एप्रिल, गुरुवार

कीटकनाशकाच्या कंपनीनं फुकट दिलेली ही डायरी जानेवारीपासनं दुकानात गादीखाली पडून होती. आजपासनं तिचा सदुपयोग. हिच्यात स्नेहाच्या आईची इंग्रजीतली प्रगती तेवढी टिपून ठेवायची. मास्तरानं नोंद ठेवली तरच विद्यार्थी कुठं अडतोय ते कळतं.

कारण असं, की अमेरिकेतली आमची स्नेहा जूनअखेरीला बाळंत होणार. तिला आई पाहिजे, सहा महिने. आळंदच्या बस स्टँडजवळ ऑनलाइन अर्ज भरून देणारा बसवेश आहे, त्यानं खटपट करून व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळवली. १५ मे, हैदराबाद. पास झाली तर जूनच्या सुरुवातीला विमान. नापास झाली तर पोरगी परमुलखात एकटी बाळंत होणार. मी काही जाणार न्हाई. जून म्हणजे बियाण्याचा सीजन. निम्म्या तालुक्याची तूर माझ्या दुकानातनं पेरली जाते. दुकान कोण बघणार?

बसवेश म्हणाला, काका, तिथं हिंदीत बोललं तरी चालतंय, दुभाष्या असतो. मी म्हणालो, तुझं तू बघ. अमेरिकेत डॉक्टरपुढं काय दुभाष्या काखेत घेऊन बसणार का ही? शिकायचं तर पायापासनं. पीयूसीला, म्हणजे बारावीला, इंग्रजीत माझ्यावर कुणी न्हवतं, आणि आजबी बाटलीवरचं बारीक इंग्रजी वाचून घ्यायला शेतकरी माझ्याकडंच येतात.

ही म्हणाली, मला नुसतं चार वाक्यं बोलायचीत. मी सांगितलं, बोलण्याच्या आधी शब्दांच्या जाती. ती म्हणाली, बरं.

४ एप्रिल, शुक्रवार

पहिला धडा, नाम. वस्तूचं, माणसाचं, गावाचं नाव म्हणजे नाउन. मी तासाभराची तयारी करून बसलो होतो. हिनं स्वयंपाकघरात नजर फिरवली आणि टेबल, चेअर, फ्रिज, मिक्सर, गॅस, लाईट, बकेट, ग्लास, प्लेट, कुकर असं सगळं एका दमात म्हणून टाकलं. हे सगळं इंग्रजीच हाय की, म्हणाली. व्हय, हाय, पण इतकं घाईघाईनं नाम संपवायचं नसतं. मला जरा फसवल्यासारखं झालं.

उद्यापासनं विशेषण. तिथं मात्र जिरणार.

७ एप्रिल, सोमवार

माझी पद्धत माझी स्वतःची आहे. जुन्या व्याकरणाच्या पुस्तकात सगळे गुलाब आणि राजपुत्र. ते हिच्या काय कामाचं? मी दुकानातनं रिकाम्या बाटल्यांची लेबलं सोलून आणली. लेबलावर विशेषणं ठासून भरलेली असतात. टॉक्सिक, हार्मफुल, कूल, ड्राय, एम्प्टी. प्रत्येकाचा अर्थ सांगितला, खाली रेघ मारायला लावली. हिनं रेघा सरळ मारल्या.

मग घरातल्या दहा वस्तूंना विशेषण लावायचा गृहपाठ दिला. ओल्ड फॅन, ओल्ड रेडिओ, ओल्ड कपाट, ओल्ड हजबंड. शेवटचं मी खोडलं, कारण तोच शब्द चौथ्यांदा आला होता. पुनरुक्ती हा दोष आहे, असं समासात लाल शाईनं लिहिलं. ती हसत होती. अभ्यासात गोडी लागल्याचं लक्षण आहे.

क्रियापद कधी शिकवणार, असं विचारत होती. 'गो' हा शब्द तिला लवकर पाहिजे म्हणे. मी सांगितलं, क्रियापद घाईत देता येत न्हाई. विशेषण पक्कं झाल्याशिवाय पुढं सरकायचं न्हाई.

११ एप्रिल, शुक्रवार

विशेषणंच चालू.

विषाच्या डब्यावर त्रिकोण असतो. तांबडा म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. आमच्या घरात हे लहान पोराला बी पाठ. आज रंग ही विशेषणं आहेत हे समजावून सांगितलं. ही म्हणाली, मला सोपं पडंल असं करते. संध्याकाळी दुकान बंद करून आलो तर आतनं आवाज आला, "टुडे ब्लू." मी विचारलं, काय ब्लू? तर म्हणाली, तुमी. काल यलो होता, परवा त्या गंगाधर गिऱ्हाइकानं माल परत केला तवा रेड.

विशेषण बरोबर, जागाबी बरोबर. दहापैकी आठ गुण दिले. दोन मास्तराला वस्तू समजल्याबद्दल कापले.

१६ एप्रिल, बुधवार

शेजारच्या काशप्पांच्या घरात साखर टिकते की न्हाई कोण जाणे. त्यांची सून नेत्रावती आज परत वाटी घेऊन आली होती. दुपारी जेवायला आलं की रोज ती आमच्या स्वयंपाकघरातनं बाहेर पडताना दिसते. कधी साखर, कधी कढीपत्ता, कधी नुसतीच. लग्नाआधी हैदराबादला कॉल सेंटरला होती. इतकी शिकलेली पोरगी, पण महिन्याचं सामान आणायचं नियोजन जमंना.

मी हिला म्हणालो, तिच्या गप्पांत अभ्यास बुडवू नको. न्हाई बुडवत, म्हणाली.

२१ एप्रिल, सोमवार

आज खोटी मुलाखत घेतली. मी कोट घातला, टेबलामागं बसलो, गोरा साहेब झालो. हिला बाहेरनं दार वाजवून यायला लावलं.

व्हॉट इज युवर नेम? वच्छलाबाई बिरादार. उत्तम. व्हॉट इज युवर हजबंड्स नेम?

गप्प. परत विचारलं. डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि गप्प. लग्न झाल्यापासनं हिनं माझं नाव तोंडानं घेतलेलं न्हाई. आमच्या घरातल्या कुठल्याच बाईनं नवऱ्याचं घेतलेलं न्हाई. लग्नकार्यात नाव घ्यायचं तरी गाण्यात गुंडाळून, ते बी बायका दार अडवून बसल्या तरच. मला ते इतकं सवयीचं, की मुलाखतीत हेच पहिलं विचारतील हे डोक्यातच आलं न्हाई.

मी साहेबाच्या आवाजात म्हणालो, मॅडम, नवऱ्याचं नाव सांगितल्याशिवाय व्हिसा मिळणार न्हाई. तवा हिनं मान खाली घालून सुरू केलं. ओल्ड. टॉल. ब्लॅक. म्हणाली, विशेषणं देते, त्याच्यावरनं ओळखून घ्या म्हणावं त्यांना. हार्मफुल. मॉडरेटली टॉक्सिक. शेवटी लेबलावरचं अख्खं वाक्य आलं, कीप इन कूल, ड्राय प्लेस.

दारात नेत्रावती वाटी घेऊन उभी होती. वाटी खाली ठेवून भिंतीला धरून हसायली. मी म्हणालो, हसायला काय झालं, आजच्या जमान्यात नवऱ्याचं नाव घ्यायला लाजायचं म्हणजे काय. तर ती पोरगी मला म्हणते, "अण्णा, तुमी तरी कुठं घेताव अक्काचं? मी येऊन दोन वर्षं झाली, 'स्नेहाची आई' सोडून काई ऐकलं न्हाई."

ते वेगळं. कामून वेगळं ते आज लिहायला वेळ न्हाई.

२२ एप्रिल, मंगळवार

सकाळी चहाच्या वेळी हिला नावानं हाक मारून बघावी म्हणलं. तोंडापर्यंत आलं. हिनं वळून बघितलं, काय पाहिजे विचारलं. साखर कमी हाय म्हणालो. साखर बरोबर होती.

३० एप्रिल, बुधवार

बसव जयंती. बाजार बंद, काशप्पांच्या घरचे सगळे मिरवणुकीला. मीबी तिकडंच गेलो होतो, पण उन्हानं डोकं धरलं म्हणून लवकर परतलो. अंगणात चपला काढतोय तर आतनं कुणीतरी मला हाक मारायलंय. राघोबा. राघोबा बिरादार. माय हजबंड्स नेम इज राघोबा बिरादार.

मला वाटलं कुणी बाई माल घ्यायला घरापर्यंत आली. खिडकीतनं बघितलं. ही एकटीच होती. कुकरपुढं उभी राहून, कमरेवर हात ठेवून त्याला माझं नाव सांगायली होती. कुकरची शिट्टी झाली की थांबायची, मग परत. एकदा अडखळली, स्वतःच्याच गालावर हळूच चापट मारून घेतली, आणि मग एकदम खणखणीत म्हणाली.

मी आत गेलो न्हाई. पायरीवर बसून राहिलो. इतकी वर्षं गल्लीत, बाजारात, तहसील कचेरीत हे नाव ऐकतोय, त्यात ऐकण्यासारखं काही असतं असं वाटलं न्हवतं. आज वाटलं, अजून चार-दोन शिट्ट्या व्हाव्यात.

प्रगती समाधानकारक.

३ मे, शनिवार

जावयांचा व्हिडिओ फोन आला. ते तिकडचेच, केरळी आईबापाच्या पोटी तिकडंच जन्मलेले, मराठी येत न्हाई. एरवी ही हात जोडते आणि फोन माझ्याकडं सरकवते. आज सरकवला न्हाई. त्यांना म्हणाली, स्नेहा इज वीक, गिव्ह हर हॉट फूड, डोन्ट गिव्ह कोल्ड. जावई मान हलवून येस मम्मी, येस मम्मी करायलेत. वीक, हॉट, कोल्ड, तिन्ही विशेषणं. माझ्या शिकवण्याचं चीज झालं. 'गिव्ह' मात्र मी शिकवलेलं न्हाई. लेबलावर कुठं तरी असणार.

हल्ली घरात सगळं दोन-दोन करायलीय. मेतकूट दोन डबे, शेंगाचटणी दोन डबे, सांडगे दोन. एक स्नेहासाठी आणि एक तुमच्यासाठी, म्हणाली. माझ्या डब्यांवर तिनं चिठ्ठ्या चिकटवल्यात, हे इथं, ते तिथं, हे फोडणीत. फोडणी कशी घालायची ते दाखवते म्हणून दोनदा मागं लागली. मला वेळ न्हाई म्हणून सांगितलं. माझ्या वाटणीचे डबे फळीवर मांडून ठेवलेत. ते बघितलं की मला जेवण जाईना.

तिची तयारी बघता मला एकच काळजी लागलीय. पाया कच्चा आहे. अजून क्रियापदाला हात न्हाई, अव्ययं तर लांबच. घाईत नेऊन नापास झाली तर? तारीख थोडी पुढं ढकललेली बरी. विद्यार्थ्याच्या भल्याचा विचार मास्तरालाच करावा लागतो.

६ मे, मंगळवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

दुपारी बसवेशकडं गेलो. त्याला म्हणालो, काकूची तयारी कच्ची हाय, तारीख पुढची बघ. त्यानं बघितलं. आता सोडली तर परत मिळंल ती दिवाळीच्या आसपास. म्हणाला, काका, तवर स्नेहाक्काचं बाळ पालथं पडंल, रांगाया लागंल. मी म्हणालो, तू बघ तर. त्यानं बटण दाबलं. मग म्हणाला, ओटीपी आला असंल, सांगा.

मी माझा फोन काढला. काही न्हाई. परत दाबलं, परत काही न्हाई. मग त्यानं अर्ज उघडून बघितला आणि खाली बघूनच सांगितलं, नंबर काकूचा दिलाय. तुमीच सांगितला होता, दुकानात तुमचा फोन कायम बिझी असतो म्हणून.

तेवढ्यात माझा फोन वाजला. ही होती. आवाज नेहमीचाच. म्हणाली, "दोनदा सहा-सहा आकडे आलेत. मुलाखतीची तारीख बदलायची म्हणून लिहिलंय. सांगू का आकडे?"

तो सगळा मजकूर इंग्रजीत असतो. तिनं तो एकटीनं वाचला होता. अशा वेळीबी माझ्या मनात पहिलं हेच आलं, आणि मला त्याचा अभिमानबी वाटला, काय माणूस आहे मी. बसवेश पंख्याकडं बघत बसला होता. मी म्हणालो, नको. ती म्हणाली, बरं, जेवायला या, भाकरी झाली.

जेवण झालं. मी हात धुवून उठलो तवा म्हणाली, "मी जाऊ नये वाटत असंल तर तोंडानं सांगा. पोरीला मी समजावते, न्हाई जात. पण मी कच्ची हाय म्हणून गावभर सांगू नका. कच्ची न्हाई मी."

मी काय म्हणालो? दुकानाचा सीजन हाय म्हणालो. ती उठून भांडी आवरायला लागली. मला राग यायला पाहिजे होता, मास्तराच्या मागं विद्यार्थ्यानं अभ्यास केला म्हणून. लाज वाटली. इतकी, की दुकानात जायचं सोडून मी मार्केट यार्डात तुरीच्या पोत्यावर जाऊन बसलो. तिथं तुरीचा एक दाणा बी विकायला न्हवता माझा.

८ मे, गुरुवार

नेत्रावती आज वाटी न घेताच आली. सरळ आत गेली, दार लोटून घेतलं. आतनं दोघींचं इंग्रजी ऐकू आलं, घडाघडा. साखर कशासाठी लागत होती ते आज कळलं. आमची साखर गेली ती गुरुदक्षिणाच म्हणायची.



१० मे, शनिवार

आजपासनं क्रियापद. मी स्वतःच म्हणालो. हिनं वही आणली, समोर बसली. गो आणि कम. आधी कुठलं शिकवू विचारलं. ती म्हणाली, तुमीच ठरवा. मी 'गो' शिकवलं. सोपं आहे म्हणा.

बसवेशनं निरोप धाडलाय, साहेब लोकांना शंका एकच असते, हे म्हातारं माणूस तिकडं जाऊन तिकडंच ऱ्हाईल. परत कामून येणार, हे विचारतीलच, त्याचं उत्तर पक्कं करा. त्याच्यावर मी बसून एक भारी उत्तर तयार केलं. आमची वडिलोपार्जित मिळकत, आमचं प्रतिष्ठित दुकान, आमच्या सामाजिक जबाबदाऱ्या, सगळं एका वाक्यात, मधी तीन स्वल्पविराम. विशेषणांनी गच्च. हिला पाठ करायला लावलं. तिनं केलंबी. म्हणताना मात्र तोंड असं, जसं काढा पितेय.

१३ मे, मंगळवार

बॅग भरली. दुकान दोन दिवस बंदची पाटी लावली. सीजनच्या तोंडावर. एक गिऱ्हाईक म्हणालं, काय हो, कधी न्हाई ते? घरातलं काम हाय म्हणालो.

१६ मे, शुक्रवार

परवा बीदरला गेलो, तिथल्या मैलूर भागात हिचा भाऊ शिवराज असतो, त्याच्याकडं मुक्काम केला. काल पहाटेच्या गाडीनं हैदराबाद. तिथं बरोबरच्या माणसाला आत सोडत न्हाईत, फोन आणि पिशवीबी आत न्यायची न्हाई. मी तिची पिशवी, फोन, पाण्याची बाटली असं सगळं धरून रस्त्यापलीकडं सावलीला उभा राहिलो. ती रांगेत. नऊवारी सोडून दुसरं काही नेसणार न्हाई म्हणाली होती, त्यामुळं लांबनं दिसत होती. मग दिसंनाशी झाली.

माझ्याशेजारी दहा-बारा नवरे-बाप उभे होते, सगळ्यांच्या हातात बायकांच्या पिशव्या. एकानं सांगितलं, हातात पासपोर्ट घेऊन बाहेर आले की समजायचं नाकारलं. ठेवून घेतला की झालं. मी देवाला काय मागत होतो ते लिहायला पाहिजे, न्हाईतर ही डायरी कशाला? निम्मा वेळ पास होऊ दे म्हणत होतो. निम्मा वेळ नुसताच देवा-देवा करत होतो, पुढचं काही म्हणत न्हवतो.

ती आली. दोन्ही हात रिकामे. रस्ता ओलांडताना एकदाबी इकडंतिकडं बघितलं न्हाई, मी ओरडलो तवा थांबली. मला आनंद झाला, खरंच झाला, पोरगी डोळ्यापुढं आली. आणि तिच्यामागोमाग फळीवरचे माझे डबेबी आले. तिच्या हातात पाण्याची बाटली दिली. काय विचारलं, काय सांगितलं, म्हणून मागं लागलो. गाडीत सांगते म्हणाली.

गाडीत जहीराबाद आलं तरी सांगंना. शेवटी मी चिडलो, तवा बोलली. काचेपलीकडं बाई होती. कुठं जायलाव, कशाला, मुलगी काय करते, सगळं विचारलं, हिनं इंग्रजीत सांगितलं. दुभाष्या नुसता उभा होता. मग ते आलंच. परत कामून येणार?

"मग आपलं वाक्य म्हणलीस का, मिळकतीचं?"

"न्हाई."

"कामून? पाठ होतं की तुला."

"पाठ होतं. पण ते खरं न्हवतं. मिळकतीसाठी कोण येतंय परत?"

मग काय म्हणालीस, विचारलं. तिनं पदर सावरला आणि साहेबीणबाईला सांगितलं होतं तसंच म्हणून दाखवलं. माय हजबंड इज अलोन. ही इज अफ्रेड. बाईनं विचारलं, ऑफ व्हॉट? हिनं सांगितलं, ही डज नॉट टेल. बाई हसली, म्हणाली हॅव अ सेफ जर्नी, आणि पासपोर्ट ठेवून घेतला.

अफ्रेड मी शिकवलेला न्हाई. माझ्या कुठल्याच लेबलावर न्हाई. नेत्रावतीकडनं घेतलास का म्हणून विचारलं. व्हय, म्हणाली, पण शब्द तेवढा तिचा. मी म्हणणार होतो, की हे साफ चूक आहे, मी कशाला भिऊ, तिसऱ्या वर्गापासनं शेतात एकटा राखणीला झोपलेला माणूस मी. तिनं माझ्या हातातली पिशवी काढून स्वतःच्या मांडीवर घेतली.

भ्यालोय मी. सकाळी उठल्यावर घरात कुणाचं काही वाजणार न्हाई, याला भ्यालोय. इतकं साधं आहे ते, आणि त्याच्यासाठी मी हिला महिनाभर विशेषणातच बसवून ठेवलं.

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर काही न्हवतं, नांगरलेली काळी रानं तेवढी. मग बाहेर बघूनच म्हणालो, "वच्छला, लवकर ये."

ती म्हणाली, "आधी जाऊ तर द्या."